झाउटर साहेबांची खोली

९ मार्च
आजपासून रोज थोडं बोलून ठेवायचं ठरवलंय. मी बोलते, फोन लिहून घेतो. ही सोय युस्तिनानं, माझ्या नातीनं, जर्मनीत बसून करून दिली. फोननं काय लिहिलं ते मला वाचता येत नाही आणि मी काय म्हणतेय ते फोनला कळत नाही, तेव्हा भांडणाचा प्रश्न नाही. बाकीची पोरं ज्या वर्षी शाळेत गेली त्या वर्षी मी गाय घेऊन कुरणात गेले. गाय पाठ झाली, अक्षरं राहिली.

बोलून ठेवायचं कारण असं, की उद्या आमच्या बुर्याकिव्का गावात जर्मन कारखाना उभा राहील तेव्हा तो कुणामुळे आला यावरून वाद होणार. पारास्का, माझी शेजारीण, म्हणणार तिच्यामुळे. म्हणून आत्ताच सांगून ठेवते: माझ्यामुळे.

हकिगत अशी. माझा मुलगा मिरोन बंद पडलेल्या साखर कारखान्यात, साखरेचं बीट साठवायचे त्या शेडमध्ये, गाड्या बनवतो. गाडी खाटेएवढी. खाली चाकांऐवजी पट्टे, वर माणूस आडवा. चालवणारा लांब कुठेतरी खड्ड्यात बसतो, गाडी एकटी आघाडीवर जाते आणि जखमीला ओढून आणते. गाडी गुणी आहे, पण मोटर नाजूक. चिखल दिसला की जळते, आणि आघाडीवर चिखलाशिवाय दुसरं काय आहे. तर युस्तिना राहते त्या गावात एक कंपनी आहे, अपंगांच्या खुर्च्यांच्या मोटरी बनवणारी. युस्तिना तिथे दुभाषी. त्यांना आमची गाडी आवडली, आम्हाला त्यांची मोटर. म्हणजे सोयरीक जमल्यातच जमा.

आपण मुलाकडचे. गाडी आपली, शेड आपली. मोटर म्हणजे नवरी, ती नांदायला इकडे येणार. कंपनी आली की पाठोपाठ युस्तिना येणार. लढाई सुरू झाली त्या महिन्यात गेली ती अजून तिकडेच आहे, पोरीला आता हसायलाही फोन लागतो. ती इथे, मिरोन इथे, मी मध्ये बसून दोघांना वाढणार. याहून मला काही नको.

संकल्प: मिरोनच्या कामात तोंड घालायचं नाही.

१० मार्च
घातलं. पण थोडंच. पट्टा ढिला दिसत होता.

२ एप्रिल
आज फोनच्या पडद्यावर जर्मन साहेब पाहिले. झाउटर त्यांचं नाव. मिरोनच्या खांद्यावरून मी डोकावले. कान मोठे आहेत. माणूस ऐकून घेणारा असणार. मी हात हलवला, त्यांनीही हलवला. माझ्या मते पक्कं झालं ते तिथेच.

नंतरचं बोलणं जरा रेंगाळलं. झाउटर साहेब म्हणाले, मोटर देतो, पण गाडीचं रेखाचित्र एकदा कायम करा, मग शरद ऋतूपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मिरोन म्हणाला, साहेब, आमच्याकडे बुधवारी आघाडीवरून फोन येतो की अमुक दांडी तारेत अडकते, गुरुवारी आम्ही दांडी कापतो. साहेब म्हणाले, आमच्याकडे दांडी कापायची तर पाच आठवड्यांचे कागद आहेत. मिरोन म्हणाला, मग पाच आठवडे त्या पोरांना काय सांगू, पडून राहा म्हणू? युस्तिनानं हे भाषांतरात मऊ केलं म्हणे. कसं केलं, विचारलं. म्हणाली, आजी, मी म्हटलं वडिलांना वेळापत्रकाबद्दल काही शंका आहेत.

हुशार पोरगी. लग्नघरात अशीच माणसं लागतात.

१९ एप्रिल
शाळेपुढे आज सगळे रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर. गावातल्या वेरखोलाबाईंचा धाकटा आघाडीवरून आला, शवपेटीतून. मला गुडघे टेकता येतात, उठता येत नाही. मिरोननं उचललं. त्या पोराला आणायला आपलीच गाडी गेली होती आणि वाटेत मोटर जळाली, हे मला पारास्कानं सांगितलं. मिरोननं नाही सांगितलं. जेवला नाही, शेडमध्ये गेला.

आज संकल्प नाही.

११ मे
पुढची खोली झाउटर साहेबांसाठी काढली. भिंतींना चुना दिला. खाली वाकायचं काम मी केलं, वर चढायचं पारास्कानं केलं, आणि दोघींनी एकमेकींचं काम वाईट म्हटलं. पलंगावर माझ्या लग्नातल्या उशा रचल्या. पारास्का म्हणाली, ओदार्के, तुझा नवरा बिचारा जन्मभर भट्टीच्या ओट्यावर झोपला, आणि या उशा जर्मनाला? मी म्हटलं, नवऱ्यानं कधी कारखाना आणला नाही. ती म्हणाली, जर्मनानंही अजून आणलेला नाही.

हिला आवतण द्यायचं नाही.

१२ मे
दिलं. शिडी तिची आहे.

६ जून
मोटर आली! एका खोक्यात दुसरं खोकं, त्यात तिसरं, आणि सगळ्यात आत मोटर, एखाद्या अंड्यासारखी. मिरोननं आणि त्याच्या माणसांनी तिला गाडीत बसवलं आणि गाडी कारखान्यामागच्या डबक्यात घातली. आत गेली, फिरली, बाहेर आली. पुन्हा घातली. पुन्हा आली. तिथल्या एका वेल्डिंगवाल्या बाईनं मोटरीचा मुका घेतला. मी म्हटलं, अगं, आधी सासूला तरी घेऊ दे.

२७ जून
आघाडीवरून फोन. बुधवार नसताना आला म्हणून सगळ्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. बोलणारा पोरगा म्हणाला, काही बदलू नका, गाडीनं आज तीन माणसं आणली, तिघंही जिवंत आहेत. एवढंच बोलून ठेवला. मिरोन बराच वेळ हात पुसत होता. हात स्वच्छच होते.

मी वारेनिकी केल्या, म्हणजे उकडलेल्या करंज्याच, चेरी भरून. शेडमध्ये सगळ्यांना वाढल्या. लग्नाआधीचं केळवणच म्हणायचं.

१५ जुलै
मिरोन जेवताना जर्मन शिकतो. फोन बोलतो, तो मागून म्हणतो, मधेच घास. एकसष्टाव्या वर्षी! विचारलं, कशाला एवढं? म्हणाला, लागेल, आई. बरोबरच आहे. पाहुणे आले की मुक्यासारखं थोडंच बसायचं. मीही शिकायचं ठरवलं. युस्तिनाला म्हटलं, एकच शब्द दे, पण उपयोगाचा. तिनं दिला: नॉख. म्हणजे आणखी. वाढणाऱ्या बाईला तेवढी भाषा पुरते.

युस्तिनाला म्हटलं, तुझी खोलीही झाडून ठेवते. ती म्हणाली, आजी, बाबांनी तुला काही सांगितलं का? म्हटलं, सांगायचं काय त्यात, मला सगळं माहीत आहे. मग तिच्याकडचा आवाज खराब झाला.

१४ ऑगस्ट
पहाटे साखर कारखान्यावर ड्रोन पडलं. शेडचं निम्मं छत गेलं. देवाची कृपा, आत कुणी नव्हतं. पाच गाड्या जळाल्या. मी काठी घेऊन गेले. मिरोन पावट्यासारखा हिरवा पडला होता. त्याला म्हटलं, एका अर्थी बरं झालं, ते छत गळतच होतं, आता जर्मन नवं घालतील. तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, घरी जा, आई, धूर आहे.

पुरुषांना चांगली बाजू लवकर दिसत नाही.

१८ ऑगस्ट
झाउटर साहेबांशी बराच वेळ बोलणं झालं. मी दाराशी होते, पण ऐकत नव्हते. विमा, विमा, विमा. तिकडचा कुठलाही विमेवाला म्हणे इथल्या छताखाली त्यांचं मशीन ठेवू देणार नाही. शिवाय वीज. आमच्याकडे वीज येते तेव्हा आपण नेमके झोपलेले असतो. साहेब म्हणाले, महिन्याला दोनशे गाड्या करायच्या तर असं चालणार नाही. मिरोन म्हणाला, दोनशे? साहेब म्हणाले, दोनशे. मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

हुंडा ठरवताना असं होतंच. शांतता पडते, मग सगळं जुळतं.

२१ ऑगस्ट
जुळलं! मी म्हटलं नव्हतं?

मिरोन संध्याकाळी आला, माझ्यासमोर स्टूल ओढून बसला, माझे हात हातात घेतले. म्हणाला, आई, सही झाली. दोन्ही कंपन्या एक होणार, गाडी आणि मोटर एकाच ठिकाणी बनणार. बुधवारी फोन आला की बदल गुरुवारीच करायचा, तेही साहेबांनी मान्य केलं, फक्त तो सांगायला आमच्यातलं कुणीतरी... तो आणखी काही सांगत होता, पण पारास्का फाटकासमोरून जाताना दिसली आणि मला आधी तिला सांगायचं होतं. परत आले तोवर तो बटाटे सोलत बसला होता. म्हटलं, पुढे काय म्हणत होतास? म्हणाला, राहू दे, उद्या.

२४ ऑगस्ट
त्या उद्याला त्याला वेळ नव्हता आणि परवाला मला नव्हता.

९ सप्टेंबर
मिरोनला लाकडं फोडायचं वेड लागलंय. तीन हिवाळे पुरतील एवढी थप्पी रचलीय, खिडकीपर्यंत. मी म्हटलं, अरे, जर्मनांना थंडी एवढी वाजते का? तो हसला. तळघराच्या पायऱ्यांना कठडाही बसवला. तोही पाहुण्यांसाठीच असणार, मला तर भिंत धरून उतरता येतं.

आज पारास्काला बोलावून घर ऊबदार ठेवणारा बॉयलर कसा पेटवायचा ते दाखवत होता. तिला कशाला दाखवतोस, ती स्वतःची चूलही शिव्या देऊन पेटवते, असं मी म्हटलं. पारास्का उलटून बोलली नाही. तिची तब्येत बरी नसावी.

१७ सप्टेंबर
शेडमध्ये मशीनांची मापं घेतायत. फीत लावून लांबी, रुंदी, उंची. जर्मन मशीन शेजारी बसतं का ते बघत असणार. दारातून बाहेर निघतं का तेही बघत होते. ते का, कळलं नाही. कदाचित पुसायला.

वेल्डिंगवाल्या चौघी बायकांनी पासपोर्ट काढले. पुरुषांनी नाही. पुरुषांना साठीच्या आत सीमेपलीकडे सोडत नाहीत, तेव्हा त्यांनी काढून तरी काय करायचं. पण बायकांना कशाला हवे? मिरोननंही नवा काढला. त्याची साठी झालीय, त्याला सोडतात. हौस असेल.

संकल्प: प्रत्येक गोष्टीचा अर्थ लावत बसायचं नाही.

१ ऑक्टोबर
झाउटर साहेब याच महिन्यात येणार. स्वतः, गाडी चालवत, मागे ट्रक घेऊन. ट्रक मशीन घेऊन येणार हे उघड आहे.

गल्लीतले भोपळे लपवायच्या मागे लागलेय. आमच्याकडे मागणी घालायला आलेल्याच्या हातात भोपळा दिला की त्यानं समजायचं, नाही म्हणाले, मुकाट्यानं घरी जायचं. अजूनही कुणी शहाणा माणूस पाहुण्यासमोर भोपळा ठेवत नाही. आणि यंदा पीक असं आलंय की प्रत्येक ओट्यावर चार चार. माझे तळघरात नेले. कठड्याचा उपयोग झाला, हे मिरोनला सांगितलेलं नाही. पारास्काला म्हटलं, तुझेही उचल. ती म्हणाली, ओदार्के, तो खुर्च्यांच्या मोटरी बनवतो, त्याला काय कळतंय. म्हटलं, गावाला कळतं ना.

२० ऑक्टोबर
झाउटर साहेब आले. सगळं नीट सांगते, नाहीतर उद्या मला वेगळं आठवेल.

ट्रक पुढे शेडकडे गेला, साहेबांची गाडी फाटकाशी थांबली. मी स्वागताचा ब्रेड आणि मीठ घेऊन उभी, लग्नातला रुमाल हातावर. मला वाटलं होतं युस्तिना मागच्या सीटवर असेल. मागच्या सीटवर कोट होता. साहेब उतरले, मला पाहून हसले, आणि मग शेजारी बघून त्यांचं तोंड एकदम लहान मुलासारखं झालं. पारास्काच्या ओट्यावर भोपळा. पाटाएवढा, केशरी, उघडा. साहेब तिकडे गेले, बोट दाखवलं, कौतुक केलं. आणि पारास्कानं, त्या बाईनं, उचलून त्यांच्या हातात दिला.

अख्खी गल्ली बघत होती. शेडमधली माणसं बघत होती. जर्मन साहेब दोन्ही हातांनी भोपळा छातीशी धरून, खुशीत, माझ्या दारात. मी ब्रेड ओट्यावर ठेवला आणि भोपळा ओढायला लागले. ते सोडेनात. त्यांना वाटलं, म्हातारी मदत करतेय. मी म्हणाले, नको, परत द्या, आम्ही नाही म्हटलेलं नाही. मला येणारा एकच जर्मन शब्द, नॉख, मी पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि तो अर्थासकट मीच पारास्काला शिकवलेला, म्हणून ती धावत आणखी एक भोपळा घेऊन आली.

शेवटी मिरोननं मला बाजूला घेतलं. त्याला वाटलं मी रडतेय. मी फक्त दमले होते. म्हटलं, तिनं त्यांना नकार दिला, सगळ्यांच्या देखत, आता सोयरीक मोडली. तो म्हणाला, नाही मोडत, आई. मग जरा थांबून म्हणाला, आणि भोपळा कोण देतं? मी म्हटलं, मुलीकडचे देतात, आणखी कोण. तो म्हणाला, तुझ्या हिशोबानं आपण मुलाकडचे ना, मग महिनाभर तू ते कशाला लपवतेयस?

मी ओट्यावरचा ब्रेड उचलला.

जेवताना फोन टेबलावर उभा केला होता, आत युस्तिना. साहेबांनी बोर्श, आमचं बिटाचं सूप, दोनदा घेतलं. मी विचारलं, तुमचं मशीन कुठे ठेवणार, छप्पर अजून झालेलं नाही. युस्तिनानं ते भाषांतर केलं नाही. ती म्हणाली, बाबा. मिरोननं चमचा ठेवला. साहेबांनी प्रश्न नुसता आवाजावरून ओळखला असावा, त्यांनी खिशातून फोन काढून मला चित्र दाखवलं. मोठी पांढरी शेड. सगळे दिवे चालू. जमीन इतकी स्वच्छ की तिच्यावर पीठ मळावं. दारावर दोन नावं होती. मला वाचता येत नाहीत, पण एक लांब होतं आणि एक आपल्या नावाएवढं.

मिरोन म्हणाला, आई, मशीनं परवा जर्मनीला निघतील. मी त्यांच्याबरोबर. चौघी बायका पण. बाकीचे इथे कारखान्याच्या तळघरात दुरुस्तीचं काम बघतील. आघाडीवरून फोन आला तर तिथे ऐकायला कुणीतरी हवं ना, नाहीतर पुन्हा पाच आठवड्यांचे कागद. म्हणाला, महिन्याला दोनशे, आई. म्हणाला, तूही चल. मी ऑगस्टमध्ये सांगत होतो.

मी म्हटलं, मला वाटलं आपण मुलाकडचे.

साहेबांनी युस्तिनाला विचारलं, काय म्हणाल्या? तिनं काहीतरी मऊ सांगितलं.

२१ ऑक्टोबर
साहेब पुढच्या खोलीत झोपले. सकाळी म्हणाले, युस्तिनाकरवी, इतकी चांगली झोप वर्षभरात लागली नव्हती. मी म्हटलं, राहा मग. तिनं तेही सांगितलं. ते हसले, माझा हात दोन्ही हातांत धरला. माणूस वाईट नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

मी जाणार नाही हे मिरोनला सांगितलं. म्हटलं, अरे, मला इथलीच अक्षरं येत नाहीत, तिथली कधी शिकू. शिवाय गाय, कोंबड्या. गाय आता नाही, पण त्यानं तसं म्हटलं नाही. म्हणाला, हिवाळ्यापुरती तरी ये. म्हटलं, लाकडं कोण जाळणार?

२२ ऑक्टोबर
ट्रक मशीनं भरून निघाला. दारातून सगळी निघाली, मापं बरोबर होती. मिरोन साहेबांच्या गाडीत पुढे बसला. निघताना काचेतून म्हणाला, आई, बॉयलर रोज बघ. मी म्हटलं, पट्टे ढिले ठेवू नकोस.

पारास्काचे दोन्ही भोपळे मागच्या सीटवर होते.

२५ ऑक्टोबर
मिरोनचा फोन. पोचले. शेड चित्रातल्यापेक्षा मोठी आहे. युस्तिना त्याच्या शेजारी बसली होती, एकाच पडद्यात दोघं, आणि कशावर तरी ती मोठ्यानं हसली. मी कशावर ते विचारलं, तेवढ्यात आमच्याकडे वीज गेली.

२८ ऑक्टोबर
झाउटर साहेबांच्या पलंगावरची चादर धुतली. मिरोनचीही. जड झाल्या, म्हणून पिळायला पारास्काला हाक मारली. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे.

तिनं विचारलं, कधी येतायत परत? मी म्हटलं, ईस्टरला. सगळेच येतायत, झाउटर साहेबसुद्धा, त्यांना खोली आवडलीय. छप्पर घालायचं बोलणं चाललंय. वीज जरा सुधारली की मशीनंही परत आणतील, करारात तसं आहे.

पारास्का आता काहीतरी उलटून बोलेल म्हणून मी टोक धरून उभी राहिले. तिनं मान हलवली, हो म्हणाली, आणि पिळत राहिली.